पूजाच्या बाळंतपणाला न गेलेली बॅग

मी बॅग बोलतेय. बमरोलीत काशिनाथच्या घरी लोखंडी कपाटावर जुन्या चादरीखाली जी मोठी मरून बॅग पडलेली असते ना, तीच. मला चार चाकं आहेत. नऊ वर्षं ती हवेत होती. परवा मला खाली उतरवलं, म्हणून तोंड उघडतेय. ऐकून बरं वाटेल असं मात्र माझ्याजवळ फारसं काही नाही.

माझा जन्म साच्यातला. गरम प्लास्टिक ओतलं, दोन फाका निघाल्या, बायांनी आत अस्तर बसवलं, एकाने आकड्यांचं कुलूप ठोकलं. कारखान्यातून निघताना माझे तिन्ही आकडे शून्यावर होते. आम्हा सगळ्याच बॅगांचं तसं असतं. आपला आकडा लावायचा तर कुलपाच्या बाजूची बारीक कळ टाचणीने दाबून धरावी लागते. तसं एका चिठ्ठीवर छापलेलंही होतं. ती चिठ्ठी घरी आल्या दिवशीच तेलाच्या डब्याखाली गेली.

मला आणलं सुवर्णाने, उधना दरवाज्याजवळच्या दुकानातून. सुवर्णा म्हणजे काशिनाथची बायको. चौथी शिकलेली. घरी साड्यांचे गठ्ठे आणून खडे चिकटवते. दुकानात तिने मला चार वेळा इकडून तिकडे ढकलून बघितलं आणि विचारलं, "विमानात फेकतात म्हणे बॅगा. ही टिकेल ना?"

दुकानदार म्हणाला, "मासी, तुम्ही टिकाल तोवर टिकेल."

त्याचं खरं झालं. मला एक ओरखडा नाही.

मला आणायचं कारण पूजा. एकुलती एक लेक. तिचा नवरा किरण कतारगामला हिरे निवडायचा. शेठने त्याला बेल्जियमला, अँटवर्पच्या ऑफिसात पाठवलं, पूजाही गेली. तिथे तिला दिवस गेले. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. पण पूजाला मधेच रक्त जायला लागलं आणि डॉक्टरीण म्हणाली, विमान नको. लेकीला माहेरी येता येईना, म्हणून माहेरच माझ्यात भरून न्यायचं ठरलं.

काय काय भरलं सांगू. झबली, टोपडी, वेखंडाचं कुडकं, बाळाला जुन्या मऊ साड्यांची गोधडी. डिंकाचे लाडू शेवटी करून स्टीलच्या डब्यात भरायचे होते. विमानतळाच्या पट्ट्यावर सगळ्या बॅगा सारख्या दिसतात असं किरणने सांगितलं, तर सुवर्णाने हिरव्या लेसचा तुकडा माझ्या दांडीला घट्ट बांधला. गल्लीतल्या सरलाबाईने बघितलं आणि म्हणाली, "बॅगेला काय दृष्ट लागते का गं?"

"लागली तर लागली. निदान हरवणार तरी नाही."

मार्च महिन्यात ब्रसेल्सच्या विमानतळावर स्फोट झाले. सुवर्णा त्याच विमानतळावर उतरणार होती. टीव्हीवर धूर, खाली आलेलं छत, पळणारी माणसं आणि जमिनीवर आडव्या पडलेल्या, अगदी माझ्यासारख्या बॅगा. काशिनाथचा धाकटा भाऊ भगवान तेव्हा घरी चहा पीत होता. तो म्हणाला, "बॅगेतूनच आणला होता म्हणे बाँब." आणि सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. माझ्या पोटात तेव्हा सहा झबली होती.

त्या दिवसापासून ती बातमी घरात राहायलाच आली. काशिनाथ खात्यातून आला की हात न धुता टीव्ही लावायचा. खातं म्हणजे लूमचा कारखाना. बारा तास तो तिथे उभा. तिथल्या पट्ट्याने त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं नेली त्याला पंधरा वर्षं झाली. पट्ट्यावर जाळी नव्हती, अजूनही नाही. जाळी लावली की धागा जोडायला वेळ लागतो म्हणतात. घरात मिक्सरच्या वायरीला पिन नव्हती, दोन उघड्या तारा काडीने भोकात खोचायचा. भगवान साड्यांचा टेम्पो चालवायचा, फोन कान आणि खांद्याच्या मधे धरून, वळसा नको म्हणून उलट्या बाजूने. ह्या दोघांनी बसून ठरवलं की परदेशात जिवाला धोका आहे.

ते ठरत असताना फोनवर पूजा होती. सुवर्णाने तो स्पीकरवर टाकून माझ्यावर ठेवला होता.

काशिनाथ चिडला की त्याच्या तोंडी गावची अहिराणी येते. सुवर्णाला म्हणाला, "तठे बाँब फुटी ऱ्हायनात, आन् तुले लाडू लई जानं शे?"

पूजा म्हणाली, "पप्पा, किरणने तिकीट बदललंय. ब्रसेल्सला उतरायचंच नाही. आई ॲमस्टरडॅमला उतरेल, तिथून किरण गाडीने आणेल."

"तिथे नाही फुटणार कशावरून?"

"आणि बमरोलीत नाही मरणार कशावरून? तुमची दोन बोटं कुठल्या अतिरेक्याने नेली, पप्पा?"

भगवानने कप खाली ठेवला. मग तो सुवर्णाला म्हणाला, "वहिनी, काही झालंच तर तिकडून तुम्हाला आणायला कोण जाणार? दादाकडे पासपोर्ट पण नाही."

सुवर्णाचा हात गोधडीवर होता. तो तिथेच थांबला. हे वाक्य तिच्यात गेलं. मला दिसलं, बाकी कुणाला नाही.

दुसऱ्या दिवशी खात्यावर जाण्याआधी काशिनाथने तिचा पासपोर्ट, व्हिसा चिकटवलेला, माझ्यात टाकला. मला बंद केलं. कुलपावर तीन, एक, सात असे आकडे आणले, हे त्याच्या स्कूटरच्या पाटीवरचे, आणि मग आकड्यांची चाकं भराभर फिरवून टाकली. "आता बघतो कशी जाते," म्हणाला. आपण कुलूप लावलं असं त्याला वाटलं. कळ त्याने दाबलीच नव्हती. माझा आकडा जन्माचा होता तोच राहिला. मला हसायला आलं असतं, तोंड बंद नसतं तर.

सुवर्णाने पूजाला फोनवर सांगितलं, "त्यांनी कुलूप लावलंय गं. नंबर सांगत नाहीत."

"तोड ना आई."

"बघते."

विमानाला सहा दिवस होते. सरलाबाई म्हणाली होती, "मी येते मुंबईपर्यंत. आत ढकलेपर्यंत हलणार नाही तिथून." तिकीट फोनमध्ये होतं. दुपारी काशिनाथ खात्यात असताना सुवर्णाने दाराला कडी लावली, माझ्यासमोर मांडी घातली, पदराने हात पुसले. कुठून सुरू करावं म्हणून तिने सुरुवातीपासून केलं. शून्य, शून्य, शून्य.

मी उघडले.

ती दचकली. तिला हजार आकडे फिरवायचे होते, निदान दोन-तीन दुपारी तरी तिला ठरवायला मिळाल्या असत्या. तिने पासपोर्ट बाहेर काढला, व्हिसाचं पान बघितलं, त्यातला स्वतःचा डोळे फाडलेला फोटो बघितला. मला बंद करून दांडी वर ओढली आणि दाराकडे निघाली. घरी आल्यावर माझी चाकं त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटची फिरली. पाच पावलं. उंबऱ्यापाशी ती थांबली. शेजारच्या घरात टीव्ही चालू होता. बराच वेळ ती उभी राहिली.

मग मागे वळली. पासपोर्ट परत माझ्यात ठेवला, आकडे फिरवले, कडी काढली आणि खडे चिकटवायला बसली.

मला बोलता आलं असतं तर मी तिला रागावले असते. भीती वाटली म्हणून नाही. ती वाटणारच, माणसं खरंच मेली होती तिथे. राग आला तो संध्याकाळी पूजाला तिने सांगितलं त्याचा. म्हणाली, "नाही उघडत गं. खूप बघितलं."

मे महिन्यात पूजा बाळंत झाली. मुलगी. नंतर रक्त थांबेना, अकरा दिवस दवाखान्यात. तिथल्या शेजारच्या सुषमाबेनने रोज सुव्याचं, म्हणजे बाळंतशेपेचं पाणी आणि शिरा नेला. न्हाऊमाखू घालायला कुणी नव्हतं. किरण यूट्यूबवर बघून बाळाला तेल लावायचा. इकडे सुवर्णाने तरीही करून ठेवलेले डिंकाचे लाडू डब्यात होते, खराब होतील म्हणून काशिनाथ रोज चहाबरोबर एक खायचा. भगवान आला की दोन. बाळंतिणीचे लाडू बाळंतिणीच्या बापाने आणि काकाने संपवले. कंबर चांगली राहते म्हणे.

पूजा त्यानंतर बापाशी कामापुरतं बोलायला लागली. "पप्पा, गोळ्या घेतल्या का," एवढंच. काशिनाथही माझ्या वाटेला गेला नाही. मला कपाटावर चढवलं, चादर टाकली. पावसाळ्यात एकदा घरी कुणी नसताना सुवर्णाने स्टुलावर चढून मला अर्धवट उघडलं, काहीतरी आत सरकवलं आणि बंद केलं. पुढे पासपोर्टची मुदत संपली. कुणी विचारलं नाही.

या सुट्टीत पूजा आली, लेकीला घेऊन. मुलगी नऊ वर्षांची झाली, मराठी तोडून तोडून बोलते. परवा परत निघताना पापड, बिबडे, मसाले न्यायला बॅग कमी पडली. पूजाने वर बघितलं, हिरवी लेस दिसली. मला खाली काढलं.

"पप्पा, नंबर काय होता?" नऊ वर्षांत पहिल्यांदा तिने विचारलं.

काशिनाथ पुढे आला. आता त्याला जवळचं दिसत नाही. तीन, एक, सात लावलं. खेचलं. परत लावलं. "तीनशे सतराच ठेवला होता मी."

सुवर्णा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला नंबर माहीत होता.

नात बसली आणि तिने तिन्ही चाकं शून्यावर आणली. मी उघडले. "नव्या बॅगचा नंबर हाच असतो आजोबा. तुम्ही बदलला नव्हता."

काशिनाथ खाली बसला. पूजाने एकेक काढलं. झबली, टोपडी, गोधडी, पासपोर्ट. आणि गोधडीच्या घडीत एक फोटो, उधन्याच्या स्टुडिओत छापलेला. तीन महिन्यांची मुलगी, डोक्याला किरणने बांधलेलं वाकडं टोपडं.

पूजाने फोटो उजेडाकडे धरला. "आई, हा तर मी ऑगस्टमध्ये पाठवला होता. बॅग तर एप्रिलपासून बंद होती ना."

सुवर्णा म्हणाली, "पहिल्याच दुपारी उघडली होती मी. उंबऱ्यापर्यंत गेले. मग पाय निघाला नाही."

"मग तसं सांगायचं."

"काय सांगू? लेकीपेक्षा जीव प्यारा झाला म्हणून?"

"भीती वाटली म्हणून सांगायचं. मला पण वाटत होती. मी बाळंतपणाच्या टेबलावर पडून होते आई." मग ती काशिनाथकडे वळली. काशिनाथ तीन बोटांच्या हाताने नुसता माझं कुलूप चाचपत होता. त्याने पासपोर्ट कोंडला होता हे खोटं नव्हतं. तो पासपोर्ट पहिल्याच दुपारी सुटला होता हे त्याला माहीत नव्हतं, एवढंच.

पूजाने गोधडी नेली, फोटो नेला. मला नेलं नाही. पापड पिशवीत भरले.

आता मी परत कपाटावर आहे. पोटात झबली, टोपडी आणि मुदत संपलेला पासपोर्ट. बायांनो, एक सांगते. भीती वाटली तर वाटली म्हणा, लेक त्याने मरत नाही. पण ती कुलपाच्या आणि नवऱ्याच्या नावावर टाकू नका. आणि बापांनो, दुसऱ्या देशातले बाँब मोजण्याआधी स्वतःची बोटं मोजा.

माझे आकडे आता शून्यावरच ठेवलेत, चाकं कुणी फिरवत नाही. दांडीला लेस तशीच बांधलेली आहे, पट्ट्यावर ओळखू यावी म्हणून.