क्लिफर्डचा चांगला दिवस

पेन्सिलीच्या मागचा रबर चावून चावून चपटा झाला होता, आणि तो जिभेला कडवट लागला तेव्हा कुठे बेरिलच्या ध्यानात आलं, की आपण तोच हिशेब पुन्हा करतोय — नवऱ्याचं, क्लिफर्डचं पेन्शन, त्यातून जगण्यापुरतं त्याला ठेवायचं, उरलेलं गावच्या कौन्सिलला, त्यांच्याकडून सकाळ-संध्याकाळ येणारी मदतनीस बाई त्याची देखभाल करते त्यापोटी — आणि तो पुन्हा बरोबरच येत होता. चुकला असता तर किती बरं झालं असतं! एखादं मेलं शून्य जास्तीचं पडलं असतं, तर फोन करून चांगलं खडसावलं असतं तिने. पण बेरजेशी कोण भांडणार? इतके पैसे भरल्यावर रात्री घर गरम ठेवायला काही उरत नव्हतं, आणि गारठ्याने क्लिफर्डचा लुळा हात अजूनच आखडत चालला होता.

खोट कौन्सिलच्या कागदावरच्या एकाच ओळीत होती; तिथे खर्च दिसला असता, तर भरायचे पैसे कमी झाले असते. आजारपणामुळे होणारा जादा खर्च — काही नाही. काही नाही?... मशीनमध्ये कालची चादर गरगरत होती, खाली टोपलीत आज पहाटेची पडली होती, आणि साबण, वीज, गादीवरचं मेणकापड, हे सगळं काय फुकट येतं?

पण लिहिणाऱ्या पोराचा तरी काय दोष... मार्चमध्ये कौन्सिलकडून चौकशीला आला होता तो, बूट दाराशी काढू का विचारणारा, गरीब चेहऱ्याचा. क्लिफर्डने सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. दाढी, टाय — गाठ तिनेच मारली — आणि वर हट्ट, चहा मीच करणार! आयुष्यभर बस चालवलेला माणूस, एका हाताने केटली उचलत होता, आणि ती मागे उभी राहून श्वास रोखून बघत होती.

"रात्री काही त्रास होतो का, मिस्टर हॅलम?"

"छे हो! मजेत आहोत. आमच्याहून वाईट अवस्थेतली माणसं पडलीयत की!"

आणि मी काय म्हटलं? मीही हसले. भागतं हो आमचं, म्हटलं. आलेल्या माणसापुढे ओल्या चादरी पसरायची रीत इथे कुणाची आहे? पोरगा गेला आणि क्लिफर्ड खुर्चीतच झोपला, तो थेट अंधार पडेपर्यंत. उठवलं तेव्हा नवी पँट भिजलेली होती.

तिने कौन्सिलला फोन लावला. पलीकडची बाई गोड बोलली, आणि तेच जास्त लागलं.

"हिशेब बरोबरच आहे हो, मिसेस हॅलम. तुम्ही खर्च सांगितलाच नाही, तर आम्ही धरणार कुठून? फेरतपासणी करू ना."

"मी एकटी येऊन सांगितलं तर नाही चालणार?"

"त्यांची समज शाबूत आहे ना? मग त्यांच्यासमोरच बोलावं लागेल. गुरुवारी घरी येते मी. आणि हे बघा, त्यांचा वाईटातला वाईट दिवस सांगा. चांगला नको."

"कोण होतं गं?" बाहेरच्या खोलीतून क्लिफर्ड ओरडला.

"कौन्सिलची बाई. येतेय गुरुवारी."

"परत? मग केक तरी आणून ठेव. नुसत्या चहावर बोळवलं म्हणेल!"

आता सांगावं... आत्ताच सांगावं त्याला, की बाबा रे, या खेपेला नको. पण मग गुरुवारी तो इथे बसलेला, कान लाल, नजर गालिच्यावर, आणि आपण एका परक्या बाईला सांगतोय — आठवड्यातून किती रात्री, किती चादरी, कोण पुसतं — आणि तो ऐकतोय. थंडीत झोपलेलं परवडलं! पण थंडीही परवडत नाही ना आता. तिला त्याचा राग आला, मग स्वतःचा, मग कुणाचा ते कळेना.

दारापाशी जाऊन तिने पाहिलं. क्लिफर्ड पेपरचं पान एका हाताने उलटायला बघत होता, पान दुमडत होतं, आणि तो स्वतःशीच हसत होता. आज बरा दिसत होता तो. महिन्याभरात इतका बरा दिसला नव्हता. आणि बेरिलच्या मनात आलं — गुरुवारी हा असाच बरा निघाला तर? देवा, गुरुवारी याला बरं नसू दे... शब्द मनात उमटून गेले, आणि ती तशीच उभी राहिली, आपण ते परत घ्यायला धजत नाही हे तिचं तिलाच कळत होतं.