खरखरीमागची ओवी

सायलीने मेन स्विच खाली ओढला आणि सेलवर चाललेल्या ट्रान्झिस्टरमधली खरखर एकदम थांबली.

"खोट घरातच आहे आत्या," ती सासूबाईंना म्हणाली. "आता मेन बंदच ठेवू."

"पंखा नको व्हय? बायका यायच्यात ऐकायला," कौशल्याबाई म्हणाल्या. "आन् इतकं सपष्ट कशाला ऐकायचं? माझा काय नवा आवाज हाय?"

अकरा वाजता रेडिओवर कौशल्याबाईंच्या जात्यावरच्या ओव्या लागणार होत्या. सासऱ्यांनी, सोपानरावांनी, सकाळपासून निम्म्या चऱ्होली गावाला फोन केले होते. मात्र ज्यांच्या ओव्या, त्या सारख्या स्वयंपाकघरात पळत होत्या. लाजत असतील, असं सायलीला वाटलं.

गुरुवार असल्याने कंपनीला साप्ताहिक सुट्टी होती. चाकणला ती क्वालिटी सुपरवायझर. दोष सापडेपर्यंत तिला चैन पडत नसे. तिने मेन चालू करून खालचे सगळे स्विच पाडले आणि एकेक वर केला. फ्रीजचा निर्दोष. पंख्यांचा निर्दोष. हॉलच्या प्लगांचा वर गेला आणि ट्रान्झिस्टर पुन्हा चरचरला. टीव्हीचा प्लग काढला, वायफायचा काढला, फरक शून्य. ट्रान्झिस्टर हातात घेऊन ती भिंतीच्या कडेने चालू लागली. देव्हाऱ्यापाशी खरखर इतकी वाढली की सोपानरावांनी कानावर हात ठेवले.

देव्हाऱ्याभोवती रंगीत दिव्यांची माळ लुकलुकत होती. कौशल्याबाई लगबगीने आड आल्या.

"ही ऱ्हाऊ दे. देवाला अंधारात बसवती का?"

सायलीने निरांजन लावलं आणि माळेचा प्लग काढला. निवेदिकेचा आवाज लख्ख ऐकू आला. तोवर शेजारच्या पाच-सहा जणी येऊन सतरंजीवर बसल्या होत्या.

पहिल्या ओव्या माहेरच्या, भावाच्या. बायकांनी माना डोलावल्या. मग रेडिओतल्या कौशल्याबाईंनी जरा दम घेतला.

*पहाट झाली बाई, गाडी कंपनीची येती*
*सायली माझी सून, उभ्या उभ्या चहा पेती*

बायका खळखळून हसल्या. सोपानरावांनी मांडीवर थाप मारली.

*चाकणाच्या कंपनीत हिच्या हाताखाली गडी*
*घरी येता सून माझी, बोलती थोडी थोडी*

या वेळी कुणी हसलं नाही. कौशल्याबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"रेकॉर्डिंगला गेले तवा रेडिओच्या बाईनी इचारलं, नवीन काय रचलंय का," त्या हळूच म्हणाल्या. "तोंडातून निघून गेलं."

"चाल छान आहे," सायली म्हणाली आणि सगळ्यांसाठी पोहे आणायला उठली.

दुसऱ्या दिवशी पहाटे कौशल्याबाई स्वयंपाकघरात आल्या, तर सायली दोन कप भरून फरशीवर मांडी घालून बसलेली.

"अगं, गाडी चुकंल की!"

"वेळ आहे. गजर आधीचा लावला होता."

कौशल्याबाई समोर टेकल्या. चहा बशीत ओतून त्यांनी तो सावकाश, फुंकर घालत प्यायला सुरुवात केली.