बिस्किटांचा गठ्ठा

लाम चुन फाय खुर्चीत बसला, उठला, खिडकीपाशी गेला, परत येऊन बसला आणि पुन्हा उठला. माणूस साठीच्या पुढे गेला, तरी पायाची भिंगरी काही सुटली नव्हती.

"अहो, बसा की जरा!" चुई बाई म्हणाल्या. "कात्रणं आहेत ती, पळून जाणार नाहीत. तुम्ही अशा येरझाऱ्या घालत राहिलात तर मात्र उडतील."

मलेशियातल्या इपोह गावच्या जुन्या भागात, एका कॉफीच्या दुकानावरच्या खोलीत बाईंचा हा पसारा होता. शाळेत शिकवत होत्या तेव्हापासून गावचा चिनी पेपर वाचून झाला की त्या कात्री घेऊन जाहिराती कापत बसायच्या. आता निवृत्त होऊनही जमाना झाला, पण कात्री काही सुटली नाही. गठ्ठे लावायची त्यांची रीत वेगळीच होती. तारखेने लावायच्याच नाहीत, मालाने लावायच्या. सिनेमा एकीकडे, केसांचं तेल एकीकडे, बाळंतिणीचं टॉनिक एकीकडे, शवपेट्या एकीकडे. आणि हरवलेली माणसं एकीकडे. प्रत्येक गठ्ठ्याला लाल दोरा.

"तारखेने लावले की काय कळतं? पेपर कधी आला ते," त्या म्हणायच्या. "मालाने लावले की गावाला कधी काय हवं होतं ते कळतं."

चुन फायला हवा होता फक्त हरवलेल्या माणसांचा गठ्ठा. सकाळपासून तो त्यातच बोटं घालून बसला होता.

झालं होतं असं. चाळीस वर्षांनी तो गावात आला होता. विचारत विचारत थोरल्या बहिणीचं, याउ लानचं घर शोधलं. तिनं पुढचं लोखंडी दार अर्धंच उघडलं आणि त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"बाबा कोंबड्याच्या वर्षात गेले," ती चिनी पंचांगाच्या हिशेबानं म्हणाली. "दुकानही त्यांच्याबरोबरच गेलं. आई त्यानंतर चार वर्षांनी. आणखी काही?"

चुन फायला सांगायचं होतं खूप. पण तोंडातून निघालं एकच. "ताई, बाबांनी मला शोधलं का गं?"

बहिणीचं तोंड असं झालं की जणू कुणी तिच्या थोबाडीत मारली. "ते मी सांगायचं? जा, पेपरात बघ. गावाचं सगळं त्या चुई बाईकडे कापून ठेवलेलं आहे. शोधायचं काम आता तू कर!" आणि दार धाडकन बंद.

दारं बंद व्हायची त्याला सवयच होती म्हणा. घर सुटलं ते दारावरूनच. पोरवयात याला बिलियर्डचा नाद. रोज उशिरा यायचा आणि बोळातल्या मागच्या दारानं गुपचूप आत शिरायचा. एका रात्री बापानं आतून कडी लावली. यानं ठोठावलं, हाका मारल्या. आतून आवाज आला, "दहानंतर कडी. ज्याला पटत नाही त्यानं दुसरं दार शोधावं." आई रडत होती तेही ऐकू येत होतं. पण बाप तसा बेटा, दोघांच्याही नाकावर राग. यानं दाराला एक सणसणीत लाथ घातली आणि जो निघाला तो थेट समुद्रापलीकडे, सारावाकच्या लाकूडतोडीच्या तळांवर. पुढे बोटी, बंदरं, कुठं कुठं. एका गावी टिकला नाही, एका बाईपाशीही नाही. कुठेही गेला तरी रात्री झोपताना एकच किडा डोकं कुरतडायचा: माझ्यामागे कुणी आलं होतं का?

गठ्ठ्यात काय नव्हतं! 'आ मुई, आई अंथरुणाला खिळली आहे. निघून ये, कोणी रागावणार नाही.' 'सून कीत, त्याच मुलीशी लग्न लावून देतो, पण ये.' टिनचा भाव कोसळला, खाणी बंद पडल्या, पोरं परदेशी पळू लागली, त्या वर्षांची कात्रणं तर ओंजळभर. दुसऱ्यांचे बाप दुसऱ्यांच्या पोरांना बोलावत होते आणि चुन फाय एकेक नाव बोटानं पुढे सारत होता. गठ्ठा संपला. उलटा करून पुन्हा पाहिला. त्याचं नाव कुठेही नव्हतं.

"बाई, सुटलं असेल का एखादं?"

"माझ्याकडून? पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा नवऱ्याला खाटेपाशी बसवून कापून घेतलेत पेपर."

"म्हणजे नाहीच शोधलं मला," चुन फाय म्हणाला. त्याला वाटलं होतं आपल्याला राग येईल. राग आला नाही. या वयात, परक्या बाईसमोर, त्याला रडू यायला लागलं, म्हणून तो उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

बाईंनी खालून कॉफी मागवली. "सगळेच नसत देत हो जाहिरात," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पोरगा पळाला हे आपल्याच हातानं छापायचं, म्हणजे गावभर बेअब्रू. काही बापांची मान तेवढी वाकत नाही. कुणाचे तुम्ही?"

सकाळपासून त्यानं नाव सांगितलं नव्हतं. "लाम. क्वोंग फूक बिस्किटवाले."

"अगंबाई!" बाईंनी कपच खाली ठेवला. "कडीवाले लाम!"

"कडीवाले?"

"सगळं गाव त्यांना तेच म्हणायचं! तुम्ही हरवलेल्यांत काय शोधताय मग? थांबा." आणि त्या स्टुलावर चढून बिस्किटांचा गठ्ठा काढू लागल्या.

चिनी नववर्षाला गावातला एकूण एक दुकानदार पेपरात शुभेच्छा छापतो. कोपऱ्यात पंचांगातल्या बारा प्राण्यांपैकी त्या वर्षाचा प्राणी, मध्ये दुकानाचं नाव, खाली भरभराटीचे चार शब्द. बाईंनी पहिलं कात्रण पुढे सरकवलं. कोपऱ्यात माकड. मोठ्या ठसठशीत अक्षरांत: 'क्वोंग फूक बिस्किटं, आता नदीपलीकडे नव्या प्रशस्त जागेत!'

चुन फायच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे त्यानं पाहिलं होतं. सारावाकातल्या सिबूला, तळावर, नववर्षानंतर काही आठवड्यांनी स्वयंपाक्यानं खारी मासळी ज्या पेपरात बांधून आणली होती, त्याच पानावर. माकडाचंच वर्ष होतं.

"दाखवू नका मला हे!" तो ओरडला. "पोरगा घराबाहेर पडला आणि यांना प्रशस्त जागा! शुभेच्छा वाटतायत गावाला! तेव्हाच बोळा करून नदीत फेकला मी तो कागद. त्या दिवशी ठरवलं, मेलो तरी परत जायचं नाही."

"ओरडताय कुणावर? पूर्ण वाचलंत का?" बाई शाळेतल्या आवाजात म्हणाल्या. "मोठी अक्षरं वाचून पोरं नापास होतात. खाली बघा."

खाली बारीक अक्षरांत पत्ता होता. कापडबाजारामागची रांग, बोळातून तिसरं हिरवं दार. आणि त्याच्याखाली एक ओळ: 'कितीही उशीर होवो, मागच्या दाराला कडी नसते.'

त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला गेला तर अक्षरंच दिसेनात.

"आम्हाला वाटायचं, रात्रीअपरात्री गिऱ्हाइकं यावीत म्हणून," बाई म्हणाल्या. "हसायचो आम्ही. बिस्किटं घ्यायला मध्यरात्री कोण जातं?"

चुन फायनं पुढची कात्रणं घाईघाईनं टेबलावर मांडली. कोंबडा, कुत्रा, डुक्कर, उंदीर. दर नववर्षाला तीच ओळ. खाणी बंद पडल्या, निम्म्या दुकानांना कुलपं लागली, त्या वाघाच्या वर्षी जाहिरात बोटाएवढी झाली होती. बिस्किटांची नावं गेली, भरभराटीचे शब्द गेले. पत्ता आणि कडी तेवढी राहिली. मालाला जागा उरली नव्हती, तरी ती ओळ म्हाताऱ्यानं सोडली नव्हती. ससा, ड्रॅगन, साप, असं पुरं एक चक्र फिरून पुन्हा माकड आलं, मग कोंबडा. त्याच वर्षी बाप गेला. संपलं.

पण खाली आणखी कात्रणं होती. कुत्रा. डुक्कर. उंदीर.

"ही कशी?" त्यानं ती तिन्ही वेगळी काढली. "तोवर बाबा गेले होते. दुकानही बंद."

"मलाही कोडंच होतं. ना दुकानाचं नाव, ना कुणा माणसाचं. कुठल्या गठ्ठ्यात घालू? पत्ता तोच, कडी तीच, म्हणून बिस्किटांत टाकली."

चुन फाय एकदम उठला. छत्री खुर्चीलाच राहिली, बाई मागून हाका मारत राहिल्या. नदीचा पूल, कापडबाजार, भर दुपारचं ऊन, कशाचं काही नाही. परवा तो याच घराच्या पुढच्या दाराशी गेला होता. आज बोळात वळला. पहिलं दार, दुसरं दार, तिसरं हिरवं. त्यानं हात नुसता टेकवला आणि दार आत गेलं.

याउ लान स्टुलावर बसून कोलंबी सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

"वाचलंस?"

"वाचलं."

"सगळं? का नेहमीसारखं वरवर?"

"ताई, शेवटची तीन तू दिलीस?"

"मग काय बाबांचं भूत देणार? पुढे पेपरवाल्यांनी इतके दर वाढवले की बंद केलं. कडी नाही लावली, तिला काय खर्च येतो?" तिनं एक कोलंबी टोपलीत आपटली. "आणि तुला काय माहीत त्या ओळीपायी आम्ही काय भोगलं! चोर काय पेपर वाचत नाहीत? पहिल्याच वर्षी शिरले. तेलाचे डबे नेले, आईचं शिवणाचं मशीन नेलं. पोलीस बाबांच्या तोंडावर हसला. म्हणाला, 'म्हातारबा, तुम्हीच तर छापून बोलावलंत!' मी म्हटलं, बाबा, आता तरी कडी लावा. तर काय म्हणाले सांगू? म्हणाले, 'चोराला दार सापडलं ना? म्हणजे पत्ता बरोबर छापलाय. त्यालाही सापडेल.'"

चुन फाय उंबऱ्यातच खाली बसला. चाळीस वर्षं अडवून धरलेलं सगळं बाहेर आलं, हुंदक्यांनी त्याला बोलताच येईना. बहीण कोलंबी सोलत राहिली, पण तिचे हात काही धड चालत नव्हते.

"दारात बसून रडू नकोस, शेजारी बघतात," शेवटी ती म्हणाली. "चल, ऊठ. आत ये की पुरता. आणि आता कडी लाव."

कडी गंजून घट्ट बसली होती. चुन फायनं दोन्ही हातांनी रेटली तेव्हा कुठे ती सरकली.