पडद्यावर फिरणारं चाक

बावड्याच्या मंगल कार्यालयात त्या शनिवारी दुपारी लग्न नव्हतं, तरी दाराशी चपलांचा ढीग लग्नापेक्षा मोठा होता. खिडक्यांना गोधड्या टांगून अंधार केलेला. स्टेजवर पडदा आणि पडद्यावर एक चाक. चाकाच्या आऱ्यांतून लोखंडी गोळे घरंगळत होते आणि चाक फिरत होतं. ना बैल, ना डिझेल, ना वीज. तासभर झाला तरी ते दमलं नव्हतं. लॅपटॉपला हळदकुंकू लावलेलं होतं. फोडलेल्या नारळाचं पाणी कीबोर्डवर जाता जाता राहिलं, हा पहिला चमत्कार. विजेशिवाय फिरणारं चाक दाखवणारा प्रोजेक्टर मात्र विजेवर चालत होता. ते कुणाला दिसलं नाही.

"मंडळी, पृथ्वी फिरती ना? तिला डिझेल कोण घालतं?" पांढऱ्या झब्ब्यातले विजयसिंह महाराज गरजले.

"कोन न्हाय!"

"चंद्राला लाईटबिल येतं?"

"न्हाय!"

"मग आपल्यालाच का?"

टाळ्यांनी पत्रे वाजले. गेल्या साली हेच विजयसिंह तळहातावर नारळ उभा करून बोअरच्या जागा दाखवत होते. नारळाच्या जागी आता लॅपटॉप आला होता.

शेवटच्या रांगेत राजलक्ष्मी तोंडात कडू गोळी विरघळत असल्यासारखी बसली होती. बारामतीच्या एका कॉलेजात ती फिजिक्स शिकवायची. वडिलांनी, झुंबररावांनी, फोन करून बोलावलं होतं, "रविवारी सकाळी नदीवरची मोटर काढायची हाय. तितं चक्र बसनार. बघाया ये." त्या एका मोटरीवर अकरा घरांच्या बागा होत्या. झाडांवर डाळिंबं लिंबाएवढी झाली होती.

"म्हाराज," पुढं बसलेल्या बनाबाईंनी विचारलं, "पडद्यावरचं फिरतंय, पर तुमी भायेर अंगणात उभं केलेलं लोखंडाचं चाक तीन फेऱ्यांत का थांबतंय?"

"मावशी, वरनं तार गेलीय ना! विजेच्या सावलीत चक्र रुसतं. मोटर काढा, कनेक्शन परत करा, मग बघा कसं धावतं."

राजलक्ष्मी वडिलांच्या कानाशी वाकली. "आबा, आठ दिवस पाणी तुटलं तर फळ गळेल."

"आगं, बाबा-बुवा खोटं बोलतील. काम्पुटर कशापायी बोलंल? त्याला काय सरपंच व्हायचंय?"

गावानं आयुष्यभर माणसांना पारखलं होतं. यंत्राला पारखायचं असतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं. ती उठून स्टेजवर चढली.

"ताई, बायकांनी चक्राला हात लावू नये," महाराज आडवे आले.

"चक्राला नाही लावत. माऊसला लावते."

लॅपटॉपमागे ऋषिराज होता, तिचाच जुना विद्यार्थी. इंजिनिअर झालेला. त्यानं चार मित्रांसोबत कॉम्प्युटरवर असली चाकं फिरवून बघायला हौसेनं 'अखंड चक्र' नावाचा ग्रुप काढला होता, तो महाराजांनी अलगद उचलला. तिला बघून ऋषिराजनं खुर्ची सोडली. तिनं पडद्यावरचं चाक पुसलं आणि तिथंच माऊसनं एक दोरी काढून खाली एक गोळा टांगला.

"मावशी, हे काय?"

"झोकाच की. पंचमीचा."

"त्यावर कुणी बसलेलं नाही, कुणी ढकलत नाही. बघा हं."

तिनं गोळा थोडा बाजूला नेऊन सोडला. झोका गेला, आला. पुन्हा गेला, तो जरा वर. मग आणखी वर. दहाव्या खेपेला त्यानं आढ्यावरून गिरकीच घेतली.

बनाबाई उभ्या राहिल्या. "आगं बया! ह्याला धक्का कोन देतंय? भूत?"

"चूक देतेय, मावशी. गोळा क्षणाक्षणाला कुठं असेल, ते हा लॅपटॉप आकडेमोड करून काढतो. हे क्षण फार लांब लांब धरलेत. त्यामुळं दर वेळी उत्तर थोडं चुकतं, आणि दर चुकीत गोळ्याला थोडा फुकटचा वेग मिळतो. त्या चुका साठतात, चाक फिरत राहतं. आणि हे वाचा." तिनं कोपऱ्यातली ओळ मोठी केली. घर्षण : शून्य. "पडद्यावरच्या ह्या मुलखात काही कशाला घासत नाही."

मग तिनं क्षण बारीक केले, घर्षण घातलं आणि महाराजांचं चाक परत आणलं. त्यानं तीन फेऱ्या मारल्या, जरासं डुललं आणि थांबलं. हुबेहूब अंगणातल्यासारखं.

राजलक्ष्मी ऋषिराजकडे वळली. "असली किती चाकं केलीत?"

"सत्तेचाळीस, मॅडम."

"चाललेली?"

"हे एकच. जे थांबायचं, त्यात काहीतरी चुकलंय म्हणून आम्ही ते पुसायचो. आकडे बदलत गेलो. हे चाललं, तेव्हा वाटलं सापडलं."

"अरे, ऊर्जा निर्माण करता येत नाही, हा नियम माझ्याच पेपरात लिहून पाचपैकी पाच घेतले होतेस ना?"

ऋषिराजनं मान खाली घातली. "ते परीक्षेपुरतं होतं, मॅडम."

महाराजांची तिला फक्त चीड आली होती. लाज वाटली ती ह्या वाक्याची. एवढी वर्षं खडू झिजवून हेच पिकलं होतं.

"हितं श्रद्धा कमी पडली!" विजयसिंहांनी उपरणं झटकलं.

"व्हय," बनाबाई म्हणाल्या, "त्या चक्राची बी श्रद्धा तीन फेऱ्यांतच सरली जनू."

हशा पिकला. महाराज मागच्या दारानं निघाले आणि पंपावर गाडीत डिझेल भरून डाळजच्या दिशेनं गेले. तिथंही मंगल कार्यालय आहे.

मग झुंबरराव उठले. "पोरी, मोटर चालू करून येतो. लाईट चारलाच जाती."

खिडक्यांवरच्या गोधड्या निघाल्या, ऊन आत आलं. राजलक्ष्मीनं पदरानं लॅपटॉपवरचं कुंकू पुसलं. त्या बिचाऱ्याचा काय दोष? त्याला जे सांगितलं तेच त्यानं दाखवलं. पडद्यावरचं चाक पडद्यावरचीच बाग भिजवतं. तेव्हा उद्या कुणी लॅपटॉप घेऊन तुमच्या गावात आला, तर त्याला हात जोडू नका. एवढंच विचारा : बाबा रे, चाललेलं दाखवलंस, आता थांबलेली सेहेचाळीस दाखव.