फाटकावरची

“तीन वर्षं होतीस कुठे?”

कॉलेजच्या कचेरीतल्या कारकुनाने तिचा शाळेचा दाखला उजेडाकडे धरून उलटसुलट करून पाहिला. दाखला खोटा असेल तर उजेडात तो आपणहून कबुली देईल, अशी त्याची समजूत असावी.

“कामाला होते. वडील जिन्यावरून पडले होते, घरात दुसरं कुणी कमावणारं नव्हतं. कारखान्याचं पत्र मागे जोडलंय.”

“कसलं काम?”

“पंपांच्या मोटारी बनतात तिथे. फाटकावर होते. सुटी झाली की बायकांची झडती घ्यायचे.”

कारकुनाने आता पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं आणि टेबलाचा उघडा खण गुडघ्याने हळूच बंद केला. त्या खणात बहुधा डब्याशिवाय काही नसेल. पण झडती हा शब्द कानावर पडला की भल्याभल्यांचे हात असे आपोआप हलतात, हे तिला तीन वर्षांत पाठ झालं होतं. तिने खणाकडे पाहिलं, कारकुनाने ती पाहतेय हे पाहिलं, आणि शिक्का जरा जोरातच मारला.

पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली तेव्हा सगळा वर्ग उठून उभा राहिला. तिला वाटलं, मागून प्राध्यापक येताहेत. मागे कुणीच नव्हतं. मग हशा पिकला आणि ती बसायच्या आतच तिचं बारसं होऊन गेलं. अठरा वर्षांच्या पोरांमध्ये एकवीस वर्षांची ती ताई झाली. तिला हे मुळीच आवडलं नाही. घरात ती थोरली होती, कारखान्यात बायका तिला घाबरून ताई म्हणत. इथे तरी कुणी एकेरी नावाने हाक मारेल, अशी तिला आशा होती.

ती शेवटच्या बाकावर बसू लागली, कारण तिथे पाठीमागे कुणी नसतं. प्राध्यापक फळ्यावर लिहीत तेव्हा बाकीची मुलं फळा बघत आणि ही सगळ्यांचे हात बघे. कोण कुणाच्या पिशवीत काय सरकवतो, कोण उठताना स्वेटर सावरतो. कारखान्यात मुख्य बाईंनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, “चेहरे बघत बसू नकोस. सुटायच्या वेळी सगळ्यांचेच चेहरे चोरासारखे दिसतात.” तांब्याची तार बायका अंबाड्यात नेत, डब्याच्या तळाशी नेत, एकीने तर पायाला खोटं बँडेज बांधून नेली होती. खांदा, बगल, कंबर, तीन जागा चाचपायच्या आणि पुढचीला बोलवायचं. तीन वर्षांत तिने एकोणीस जणींना पकडलं. त्यातल्या दोघी पुढे कधी आठवल्या की तिला जेवण जात नसे.

वडील पुन्हा कामावर जाऊ लागले त्या दिवशी त्यांनीच प्रवेशाचा अर्ज आणून तिच्या पुढ्यात टाकला होता. “आता तू सुटलीस,” एवढंच म्हणाले. फाटकावरून सुटणं सोपं होतं. फाटक तिच्या अंगातून काही सुटलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात खिडकीजवळ बसणारी एक मुलगी, जिला सगळे खिडकीवालीच म्हणत, आपली वही घेऊन शेवटच्या बाकावर आली. बारीक, ताठ बसणारी, ऊन असो वा नसो ढगळ स्वेटर घालणारी मुलगी.

“गणित विसरली असशील ना? माझ्या वहीत मागचं सगळं आहे. घे.”

ताईच्या मनात आलेला पहिला विचार असा, की हिला माझ्याकडून काय हवंय?

“तुला कुणी सांगितलं मी विसरलेय म्हणून?”

“तू शेजारच्याचं उतरवून घेतेस. तेही चुकीचं,” खिडकीवाली म्हणाली. “निदान बरोबर असेल त्याचं तरी बघ.”

ताईने वही घेतली. घरी जाऊन पानन् पान चाळलं, काही चिठ्ठी, काही भानगड निघते का म्हणून. निघाली ती फक्त सुवाच्य अक्षरातली गणितं. आईला सांगितलं तर आईनेही हातातलं काम थांबवलं.

“कोण आहे ही? घरचे काय करतात तिच्या?”

“माहीत नाही.”

“मग विचार. उगाच कुणी कुणाला वह्या देत नाही.” मुलीचा स्वभाव कुठून आला, हे शोधायला त्या घरात फार लांब जावं लागत नसे.

पण महिना गेला तरी खिडकीवालीने काहीच मागितलं नाही. दुपारी दोघी ग्रंथालयात बसत, खिडकीवालीच्या हट्टामुळे नेहमी कपाटाजवळच. ती समजावून सांगे, ताई चुकत असे, मग ती पुन्हा पहिल्यापासून सांगे. एकदा एका गणितात ताईने उणे सतरा मजूर आणले. खिडकीवालीने गंभीर चेहऱ्याने विचारलं, “यांना हजेरी कशी लावायची?” आणि दोघी तोंडावर हात दाबून इतक्या हसल्या की ग्रंथपाल बाईंनी पट्टी आपटली. घरी जाताना ताईच्या लक्षात आलं, की आज अर्धा तास आपण दाराकडे पाहिलंच नव्हतं. कोण आलं, कोण गेलं, काही म्हणजे काही ठाऊक नाही. तिला इतकं हलकं वाटलं की ती दोन थांबे आधीच उतरून चालत गेली. आपल्यालाही मैत्रीण असू शकते, हे तिला त्या रस्त्यावर पटलं.

आणि त्याच आठवड्यात संख्याशास्त्राचं जाडजूड पुस्तक नाहीसं झालं. सगळ्या कॉलेजात एकच प्रत, घरी न्यायची परवानगी नसलेली. ग्रंथपाल बाईंनी कपाटं धुंडाळली, नोंदवही काढली आणि बोट फिरवत फिरवत एका नावावर थांबल्या. ते पुस्तक बसून वाचणाऱ्यांत सर्वांत जास्त वेळा नाव ताईचं होतं.

“तू फाटकावर होतीस ना?” त्या हसून म्हणाल्या. कचेरीतल्या कारकुनाने खणासारखंच आपलं तोंडही बंद ठेवलं असतं तर बरं झालं असतं. “मग कसं बाहेर न्यायचं ते तुला चांगलं माहीत असणार.”

ताई टेबलासमोर उभी राहिली. एकोणीस जणींना तिने असंच उभं केलं होतं.

सोमवारपर्यंत पुस्तक मिळालं नाही तर पहिल्या वर्षाला ग्रंथालय बंद, अशी पाटी लागली. वर्गात ती शिरली की बोलणं थांबू लागलं. पुढच्या बाकावरच्या मुलीने आपली पिशवी मांडीवर घेतली. ताईने सगळं पाहिलं. आता तिला एकच सुचत होतं, आणि तेवढंच तिला येत होतं. ती डोळ्यांत तेल घालून ग्रंथालयाच्या दाराकडे बघत बसली.

शनिवारी दुपारी खिडकीवाली उठली. “आज लवकर जाते, डोकं दुखतंय,” म्हणाली आणि दाराकडे निघाली. ताईने तिला पाठमोरी चालताना पाहिलं आणि तिच्या मनात पाल चुकचुकली.

खिडकीवालीचा डावा हात हलत नव्हता. उजवा पुढेमागे जात होता, डावा अंगाला चिकटून होता. अंगावर काही लपवलेलं असलं की त्या बाजूचा हात माणूस असाच धरतो, एकोणीसमधल्या पंधरा जणी तिने यावरूनच ओळखल्या होत्या. हे आजवर दिसलं कसं नाही? दिसलं नाही, कारण ती नेहमी हिच्या शेजारून चालायची, आणि माणसाची चाल कळते ती मागून.

मग एकेक गोष्ट जुळत गेली. उन्हातला तो स्वेटर. ती वही. कपाटाजवळचीच जागा धरायचा हट्ट. महिनाभर जे सापडत नव्हतं ते सापडलं. हिला एक माणूस हवा होता, ज्याच्यावर आपोआप संशय जाईल. ताईला राग आला त्याहून जास्त लाज वाटली, की आपण फसलो, आपण, फाटकावरची.

“थांब.”

खिडकीवाली दारात थांबली. ताई तिच्यापाशी गेली आणि पुढचं सारं हातांनीच केलं. खांदा, बगल, कंबर. कंबरेला टणक लागलं. बोटं कडेवरून सरकली आणि तिथेच थबकली. पुस्तकाच्या कडेला भोकं नसतात. पुस्तकाला चिकटपट्टी नसते, बक्कल नसतं. वडील पडले तेव्हापासून दोन वर्षं रोज सकाळी तिने त्यांच्या पाठीचा पट्टा बांधला होता. अंधारातसुद्धा तिच्या बोटांना तो ओळखता आला असता.

चटका बसावा तसा तिने हात मागे घेतला.

खिडकीवाली दोन्ही हात जरासे वर धरून उभी होती. दवाखान्यात उभं राहायची सवय असलेली माणसं अशी उभी राहतात. ती रडली नाही.

“झालं?” तिने विचारलं. मग इतक्या हळू, की दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये, “मी पण दोन वर्षं घरी होते. पाठीसाठी. इथे कुणालाच सांगितलेलं नाही. तुला सांगणार होते.”

आणि ती गेली.

“काय लागलं हाताला?” ग्रंथपाल बाई टेबलामागून उठल्या. वाचणाऱ्यांनी माना वर केल्या होत्या.

“काही नाही.”

“काही नाही तर हात असा का काढलास? बोलवा तिला परत.”

एका शब्दात सगळं निस्तरता आलं असतं. पट्टा म्हटलं की झालं. त्या मुलीने दोन वर्षं आणि एवढा मोठा स्वेटर खर्चून जे झाकलं होतं, ते तेवढ्याने संपलं असतं.

“तिच्याकडे काही नाही,” ताई म्हणाली. “संशय माझ्यावर होता, म्हणून मी तिच्यावर ढकलायला गेले. उगाच. सगळ्यांना दिसावं म्हणून.”

हे बोलताना तिला जाणवलं, की यातलं निम्मं तरी खरंच आहे.

“म्हणजे पुस्तक तुझ्याकडे आहे?”

“नाही. माझी झडती घ्या.”

तिने पिशवी टेबलावर उपडी केली आणि हात वर करून उभी राहिली. बाईंना हे काम अजिबात येत नव्हतं. त्यांनी दोन बोटांनी खांदे चाचपले, कंबरेपाशी संकोचल्या, बगल तर विसरल्याच. एवढ्यातून कुणी अख्खा पंप बाहेर नेला असता. ताईच्या अगदी ओठांवर आलं होतं ते सांगायचं, पण तिने ते गिळलं. झडतीत उभं राहिलं की पाय किती जड होतात, हे तिला त्या दिवशी कळलं.

पुस्तक बुधवारी आलं. बाईंनीच ते बांधणीला जाणाऱ्या गठ्ठ्यात टाकलं होतं. तसं त्यांनी पाटी काढताना भिंतीला सांगितल्यासारखं सांगितलं. ताईची कुणी माफी मागितली नाही, आणि मागायचं कुणाला कारणही वाटलं नसावं. मैत्रिणीवर आळ ढकलणारी म्हणून वर्गाने तिला वाळीत टाकलं होतं. आता तिला ताई कुणी म्हणत नव्हतं. खिडकीवालीने पुढच्या रांगेत जागा धरली. ताई दोनदा तिच्यापाशी गेली. दोन्ही वेळा तिने वही उघडून मान खाली घातली.

पंधरा दिवसांनी, तास संपून वर्ग रिकामे झाल्यावर, लांबच्या लांब व्हरांड्यात खिडकीवालीच तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

“एक विचारायचंय. मैत्रीण म्हणून नाही विचारत.”

“विचार.”

“कशावरून ओळखलंस?”

“चालताना तुझा डावा हात हलत नाही.”

“आणखी कुणाला कळेल?”

“माझ्यासारखं काम केलेलं कुणी असेल तर.”

खिडकीवालीने थोडा विचार केला आणि पिशवी खाली ठेवली. “अजून आठ महिने घालायचाय पट्टा. मी चालते. तू मागून बघ.”

ती गेली आणि आली. हात कवायतीसारखा हलला. “फार होतोय,” ताई म्हणाली. ती पुन्हा गेली. आता कोपर अडलं, कारण पट्टा डावीकडे बरगड्यांपर्यंत वर येत होता. तिसऱ्या, चौथ्या वेळी तिच्या कपाळावर घाम आला. दुखत असावं, पण ताईने विचारलं नाही. विचारायचा हक्क तिने दारात घालवला होता. पाचव्या वेळी हात बराच सुटला, तरी खांदा अर्धं पाऊल मागे राहत होता. कारखान्याच्या फाटकावरून ताईने तो पन्नास पावलांवरून ओळखला असता.

“कळतंय?” खिडकीवालीने विचारलं.

“नाही,” ताई म्हणाली. “आता नाही कळत.”

खिडकीवालीने तिचा चेहरा निरखला. हे खरं की खोटं, ते शोधत होती. मग तिने पिशवी उजव्या खांद्याला लावली आणि व्हरांड्यातून जिन्याकडे चालू लागली, डावा हात हलवत.

ताईने मान फिरवली. भिंतीकडे तोंड करून ती उभी राहिली, जिन्यावरची शेवटची पावलं उतरून जाईपर्यंत.