वापर होतो का?

चाक उंबऱ्याला अडलं, तसे मागे उभे असलेले मुख्याध्यापक हसले.

"ढकला जी खोब्रागडे सर, पेन्शनले अजून तीन वर्षं आहेत."

ब्रह्मपुरीच्या प्रशिक्षणात प्रत्येक मुख्याध्यापकाला चाकाच्या खुर्चीत बसून सभागृहात यायचं होतं. हरिदास खोब्रागडे घामाघूम झाले. उंबरा चारच बोटांचा. शेवटी दोघांनी त्यांना उचलून आत ठेवलं. सामानासारखं.

मग प्रपत्र.

शाळेत रॅम्प आहे का? *आहे.*

वापर होतो का?

दरवर्षी ते 'होतो' लिहीत. खोटं नव्हतं. उन्हाळ्यात रॅम्पवर बायनाबाईची मोहफुलं वाळत. बायनाबाई शाळेत खिचडी शिजवायची. तिची नात मंगली पायांनी अधू. चार वर्षांपूर्वी तिला कडेवर घेऊन ती नाव घालायला आली, तेव्हा हरिदासच म्हणाले होते, "घरीच राहू दे बाई, पोरीचे हाल होतीन."

आज पेन तिथंच थांबलं.

(रकाना कोरा.)

दुसऱ्या दिवशी सकाळी ते थेट शाळेच्या चुलीपाशी गेले.

"बाई, मंगलीले शाळेत आण."

बायनाबाईनं लाकूड आत सारलं. "नवे सर आले का काय?"

"मीच आहो. तवा चुकलो."

"अन् पोरीचे हाल?"

"काल माह्येच झाले. खुर्चीत बसवलं होतं."

ती हसली नाही. "आमची शिबिरात भेटलेली चाकाची खुर्ची हाये. तिच्यावर कोंबडी बसते. चार वर्षं पोरगी घरी, कोंबडी खुर्चीत." आणि खिचडी ढवळत राहिली.

हरिदासांनी लोखंडी सब्बल आणली आणि पहिलीच्या वर्गाचा उंबरा फोडायला बसले. सिमेंट निघेना. हाताला फोड आले. बायनाबाई दारातून बघत होती. उंबरा उखडला, तशी तिनं खिचडी उतरवली, हात पुसले आणि घराकडे निघाली.

अर्ध्या तासानं खुर्ची रॅम्पच्या पायथ्याशी आली. मंगलीच्या केसांना तेल, मांडीवर पाटी. समोर रॅम्पभर मोहफुलं. हरिदास झाडू घेऊन धावले.

"राहू द्या जी," बायनाबाई म्हणाली. "मोहाच त हाये."

तिनं खुर्ची सरळ फुलांवरून वर नेली. वऱ्हांड्यात येऊन हात सोडला. तिथून पुढं चाकं मंगलीनं स्वतः फिरवली. दारात थांबली, खाली बघितलं, आत गेली.

शाळा सुटल्यावर बायनाबाईनं मोहफुलं टोपलीत भरली. चेंगरलेल्या फुलांच्या दोन रेघा तेवढ्या तशाच ठेवल्या.