किनूचे डोळे

“अंगठा आत, अंगठा बाहेर. का पाइ, लेडीज!” समोरची पोरगेलीशी शिक्षिका टाळ्या वाजवत ओरडली. ‘का पाइ’ म्हणजे तिथल्या माओरी भाषेत शाब्बास.

ऑकलंडजवळच्या अल्बनीच्या कम्युनिटी हॉलमध्ये दर मंगळवारी सकाळी हात दुखणाऱ्या म्हाताऱ्यांचा वर्ग भरायचा. विभावरीबाईंच्या मुठीत एक निळा मऊ गोळा होता. तो दाबायचा आणि सोडायचा, हाच व्यायाम. उभं आयुष्य कणकेचे गोळे दाबून हात कामातून गेला आणि आता तो बरा व्हायला पुन्हा गोळाच! कुठे पुणं, कुठे न्यूझीलंड, पण कणकेनं काही पाठ सोडली नव्हती.

“थोडं तेल कमी पडलंय या कणकेला,” त्या मराठीतच पुटपुटल्या.

शेजारच्या खुर्चीतली जपानी म्हातारी खुदकन हसली. तिला कळलं काहीच नव्हतं, पण गोळ्याकडे रागानं बघणारी बाई कुठल्याही भाषेत कळते. तिनं आपला उजवा अंगठा पुढे केला. मुळाशी सुजून वाकडा झालेला, अगदी विभावरीबाईंच्या अंगठ्यासारखा. मधल्या बोटाला एक जुना घट्टा होता.

“रोटी,” विभावरीबाई स्वतःचा अंगठा दाखवून म्हणाल्या.

“पेन,” ती घट्ट्यावर बोट ठेवून म्हणाली.

झाली ओळख.

पुण्यात कर्वेनगरला विभावरीबाईंची मेस होती. कॉलेजच्या पोरांना डबे. सकाळी पोळ्या, संध्याकाळी पोळ्या. नवरा, मधुकर, एका पहाटे झोपेतच गेला, त्या दिवशीही डबे गेले होते. पोरांच्या परीक्षा चालू होत्या, त्यांनी काय उपाशी पेपर लिहायचे? शेजारणी नंतर बरंच बोलल्या. बोलू देत.

मेस बंद करून सात-आठ वर्षं झाली होती, आता त्या यशोधनकडे, मुलाकडे, येऊन राहिल्या होत्या. यशोधन ऑकलंडात आयटी कंपनीत आणि नात ओवी शाळेत. घर मोठं, उबदार आणि दिवसभर रिकामं. बाहेर कुणी भेटलं तर “यशोधनची आई का? कधी आलात? परत कधी?” एवढंच. वर्गातली ती जपानी म्हातारी, सायो-सान, तसलं काही विचारायची नाही. ती आपल्या भाचीकडे राहायची, पलीकडच्याच रस्त्यावर. मंगळवारचा वर्ग संपला की दोघी मॉलमध्ये चहा घ्यायच्या आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत गप्पा मारायच्या. दोघींची मोडतोड वेगवेगळी, त्यामुळे गंमत यायची.

सायो चित्रकथा काढायची. दर आठवड्याला एक भाग, सव्वीस वर्षं. संपादक घरी येऊन पानं हातात पडेपर्यंत बसून राहायचा. आई वारली तेव्हा सायोची चार पानं शाई भरायची राहिली होती. ती भरली आणि मग ती आईकडे गेली.

“त्या दिवशीसुद्धा?” विभावरीबाईंनी विचारलं.

“त्या दिवशीसुद्धा,” सायो म्हणाली. “डबे?”

“गेले.”

यापुढे त्या विषयावर दोघींना काही बोलावं लागलं नाही. विभावरीबाईंना मात्र त्या दिवशी फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी “कसं जमलं हो तुम्हाला?” असं विचारलं नव्हतं.

एकदा सायो घरी चहाला आली. सोफ्यावर ओवीचं पुस्तक पडलं होतं. मुखपृष्ठावर बसच्या दारात उभी असलेली, मोठ्या डोळ्यांची एक मुलगी. सायोनं ते उचलून हळूच उलटं ठेवलं. तेवढ्यात ओवी शाळेतून आली, तिनं पुस्तकाकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं आणि दप्तर तिथेच टाकलं.

“आजी! डू यू इव्हन नो हू शी इज? शी मेड किनू!”

डोंगरातल्या बसची कंडक्टर किनू. जपानात तीन पिढ्या तिच्यावर वाढल्या होत्या, म्हणे. ओवीनं नेटवर तिचा फोटो पाहिला होता, तिनं भराभर सांगितलं. सायोनं ओठांवर बोट ठेवलं. “प्लीज. इथे मी फक्त भाचीची मावशी.” ओवीनं शपथ घेतली आणि पोरीनं ती पाळलीही. न पाळणारी दुसरीच निघाली.

पुढच्या मंगळवारी सायोनं चहा ढवळता ढवळता उरलेलं सांगितलं. शेवटच्या वर्षी अंगठ्यानं दगा दिला होता. मागचे डोंगर, बस, बर्फ हे सगळं पहिल्यापासून असिस्टंट मुलीच काढायच्या, ती तिथली रीतच. पण चेहरा, आणि त्यातून डोळे, ते सायोचेच. शेवटच्या वर्षी तेही दुसरीनं काढले. कुणाला सांगितलं नाही.

“वाचकांची पत्रं आली,” सायो म्हणाली. “किनूचे डोळे आता जास्त सुंदर झालेत, असं लिहिलं होतं.”

विभावरीबाईंनी कप खाली ठेवला. हे दुःख त्यांना तोंडपाठ होतं. मेसच्या शेवटच्या दोन वर्षांत पोळ्या शकु लाटायची. विभावरीबाई नुसते डबे भरायच्या. आणि पोरं म्हणायची, “काकू, हल्ली पोळ्या काय मऊ होतात हो!” हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, यशोधनलाही नाही. त्या दिवशी सायोला सांगितलं. सायोनं टेबलावरून हात पुढे करून त्यांचा अंगठा नुसता धरून ठेवला.

आता इतकं जीवाभावाचं माणूस मिळाल्यावर बाईनं तोंड सांभाळायचं की नाही? पण नाही.

गणपती जवळ आले होते. मराठी मंडळाचा अध्यक्ष ऋतुराज त्यांच्याच मेसच्या अगदी शेवटच्या वर्षांतला पोरगा. दिसेल त्याला पकडून सांगायचा, “काकूंच्या हातच्या पोळ्यांवर इंजिनिअर झालोय मी!” तो फोनवर कुरकुरत होता की मुलांच्या चित्रकला स्पर्धेला कुणी दमदार पाहुणा मिळत नाही. विभावरीबाई बोलून गेल्या, “माझी मैत्रीण आहे ना.” मग नावही सांगितलं. ऋतुराज किंचाळलाच. डोळ्यांचं गुपित त्यांनी पोटातच ठेवलं, पण ऋतुराज म्हणाला, “काकू, तुम्ही म्हणजे कमालच आहात!” आणि तेवढ्यावर बाई फुगल्या. यशोधनची आई सोडून आपण आणखी कुणीतरी आहोत, असं वाटलं. त्यांनी सायोला एवढंच सांगितलं की आमचा देव आहे, मुलं आहेत, जेवण आहे.

सायो निळा स्कार्फ बांधून, छान तयार होऊन आली. शाळेचा हॉल गच्च भरला होता. तिला थेट स्टेजवर नेलं. “जगप्रसिद्ध” हा शब्द माइकवरून चार वेळा आला. शाल आली, श्रीफळ आलं. सायोनं वाकून वाकून सगळं घेतलं, पण विभावरीबाईंकडे तिनं पाहिलं नाही. त्या पहिल्या रांगेत यशोधनशेजारी बसल्या होत्या. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

आणि मग ऋतुराजनं पांढरा फळा ढकलत आणला.

“मॅडम, फॉर द किड्स! जस्ट द आइज!” त्यानं मार्कर तिच्या हातात दिला. “किनूचे फक्त डोळे काढा, पोरं ओळखतील!”

सगळ्यांचे फोन वर झाले. सायोनं मार्कर धरला. तो अंगठ्यातून घसरला, तिनं पुन्हा धरला. फोनमधलं हे सगळं आता जपानपर्यंत जाणार होतं. तिनं पहिल्यांदाच विभावरीबाईंकडे पाहिलं.

विभावरीबाई उठल्या. पायऱ्या चढून त्यांनी सायोच्या हातातून मार्कर काढून घेतला आणि ऋतुराजच्या हातातून माइक.

“पाहुणीला जेवायला बोलवायचं आणि तिच्याच हातात लाटणं द्यायचं? ही कुठली रे पद्धत, ऋतुराज?”

हॉल हसला. पण फोन खाली येईनात. मागून एक पोरगं ओरडलं, “जस्ट द आइज!” विभावरीबाईंनी माइक घट्ट धरला. अंगठ्यातून कळ गेली.

“आणि तू सारखा सांगत असतोस ना, काकूंच्या हातच्या पोळ्या? मग आज ऐक. शेवटची दोन वर्षं तू जेवलास, त्यातली एकही पोळी माझ्या हातची नव्हती. माझा अंगठा गेला होता. शकु लाटायची. पोळ्या मऊ झाल्यात म्हणालात की मी हसून मान डोलवायची. शकुचं नाव मी कधी घेतलं नाही. आज घेते. टाळ्या वाजवायच्या असतील तर तिच्यासाठी वाजवा.”

कुणीही टाळी वाजवली नाही. फोन मात्र एकेक करून खाली आले. ऋतुराजचा चेहरा पार उतरला. “काकू, असू दे हो… चला, आरतीला उशीर होतोय,” म्हणत त्यानं फळा मागे ढकलला. सायोला यातला एक शब्दही कळला नव्हता.

परतताना यशोधननं आधी सायोला सोडलं. सायो तिच्या दाराशी उतरली, वाकून नमस्कार केला आणि आत गेली.

“आई, हे सगळ्यांसमोर सांगायची काय गरज होती?” यशोधन म्हणाला. “मला तरी आधी सांगायचंस.”

“तुला आधी सांगायला हवं होतं, खरंय,” विभावरीबाई म्हणाल्या. दुसरं काय बोलणार?

पुढच्या मंगळवारी सायोची खुर्ची रिकामी होती. त्याच्या पुढच्याही. “व्हेअर्स युअर मेट?” शिक्षिकेनं विचारलं. विभावरीबाई गोळा दाबत राहिल्या. डोळे भरून आले होते. या देशात आपलं म्हणावं असं एक माणूस मिळालं होतं, ते आपणच मिरवायला नेऊन घालवलं, असं त्यांच्या मनात येत होतं.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी बेल वाजली. दारात सायो उभी. शालीत गुंडाळलेला नारळ तिनं पोटाशी धरला होता.

“हे कसं उघडायचं?” तिनं विचारलं.

दोघी मागच्या अंगणात गेल्या. सायो सिमेंटच्या पायरीवर बसली, पण नारळ काही तिनं दिला नाही.

“त्या दिवशी तुम्ही त्यांना काय सांगितलंत?”

“शकुचं.”

“सगळ्यांना? मुलालाही?”

“तो समोरच बसला होता.”

सायोनं शाल सोडून नारळ मांडीवर घेतला. मग म्हणाली, “मी अजून रागावलेली आहे.”

“असावंच,” विभावरीबाई म्हणाल्या.

मग सायोनं नारळ पुढे केला. एकीच्या हातात तो ठरेना, म्हणून दोघींनी चार हातांनी धरला, उचलला आणि पायरीच्या कडेवर आपटला. दुसऱ्यांदा आपटल्यावर तो फुटला. आतून काळा पडला होता आणि वास येत होता. सायोचं तोंड एवढंसं झालं.

“सॉरी. मी फार उशीर केला.”

“नाही गं. आमच्यात नारळ असा निघाला की देवाला पोचला म्हणतात.”

“खरंच?”

“म्हणतात खरं,” विभावरीबाई म्हणाल्या. त्यांना स्वतःला ते आजवर कधी फारसं पटलं नव्हतं.

बागेच्या नळावर दोघींनी हात धुतले. पाणी बर्फासारखं गार होतं. सायो पुन्हा पायरीवर येऊन बसली.

“तिचं नाव इकुए,” ती म्हणाली. “डोळे काढायची ती. फार सुंदर काढायची. माझ्यापेक्षा सुंदर.”

“शकुच्या पोळ्याही,” विभावरीबाई म्हणाल्या.

शाल एकच होती. ती चारही हातांवर पसरून दोघी ऊन जाईपर्यंत तिथेच बसून राहिल्या.